यादीवरच्या फुल्या

पहाटे ५.००

फणसवाडीत दिवस उगवतो तो नळाला पाणी आल्यावर. एका हाताने कळशी नळाखाली धरायची आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर गाडी कुठवर आली ते बघायचं, ही माझी सकाळ. आज सोलापूरहून येणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस. कल्याण सोडलं की मी पार्टीला फोन करते: "उठा, सामान खाली काढा, पण दादरला उतरू नका. शेवटपर्यंत या."

पहिल्यांदाच मुंबई बघायला येणाऱ्यांचा कार्यक्रम आखून देणं हा माझा धंदा. बरोबर फिरणं त्यात थोडं असतं, खरं काम आधीच होतं. राहायचं कुठे, निघायचं किती वाजता, कोणत्या वारी काय बंद असतं, आणि मुख्य म्हणजे काय बघायचं नाही. या धंद्यात येणाऱ्या मंडळींना 'पार्टी' म्हणतात, मग ते नवराबायको असोत की अख्खं महिला मंडळ.

आजची पार्टी सहा जणांची. आजी, मुलगा, सून, शाळेतली दोन नातवंडं आणि आजींचे धाकटे दीर, म्हणजे मुलांचे काकाआजोबा. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपली की सोलापूरकर मोकळे होतात, म्हणून जानेवारीचा शेवट धरलाय. यादी काकांनी केली आहे. एका वहीच्या पानावर एकोणीस जागा लिहून त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला. मुक्काम तीन दिवसांचा, मंगळवार ते गुरुवार.

सकाळी ६.१५

काळबादेवीला मेट्रोत बसले की पुढचंच स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. कफ परेडपर्यंतची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली आणि माझ्या वहीतली निम्मी गणितं बदलली. काळबादेवी आणि गिरगाव ही दोन्ही स्टेशनं जगन्नाथ शंकरशेठ रस्त्याच्या पोटात आहेत. ती होताना रस्त्यावरच्या कितीतरी चाळी गेल्या. आता आमच्या दारातून निघालेला माणूस गाडी न बदलता सिद्धिविनायकाला, बीकेसीला, विमानतळाला जातो.

सिद्धेश्वर आली. पार्टी उतरली. सहा माणसं, आठ नग सामान, त्यात चादरींचा एक गठ्ठा, कोणासाठी ते विचारलं नाही. काका घाईत. "ताई, चला पटापट, पहिलं गेटवे करून टाकू."

मी म्हटलं, "थांबा. तुमच्या यादीत चौथ्या नंबरला काय आहे?"

"सीएसटी स्टेशन."

"मग आत्ता आपण कुठे उभे आहोत?"

लोक या इमारतीत उतरतात, टॅक्सीत बसतात आणि तिसऱ्या दिवशी तीच इमारत बघायला टॅक्सीने परत येतात. म्हणून मी पहाटेच्या पार्टीला सामानासकट लोकलच्या तिकीट खिडक्यांच्या हॉलमध्ये घेऊन जाते. या वेळी तिथे गर्दी नसते. वर छताच्या निळ्या कमानींवर सोनेरी चांदण्या आहेत. रोज हजारो माणसं त्यांच्याखाली रांगेत उभी राहतात आणि खिडकीकडे बघत बाहेर पडतात. धाकट्या नातवाने मान वर केली आणि मोजायला लागला. आजींना एका बॅगेवर बसवलं.

फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेल्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. दगडातलं कोरीवकाम सर जे. जे. कलाशाळेतल्या मुलांकडून करून घेतलं. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बाहेर फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. मुलांना एवढंच सांगते, बाकी ती स्वतः शोधतात: माकडं, मोर, घुबड. पावणेसातला चौथ्या नंबरावर बरोबरची खूण झाली. काकांचा चेहरा जरा खुलला.

सकाळी ७.१५

राहायची जागा मी गिरगावात बघून दिली होती. लॉज ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "चेक-आऊट बारा वाजताचं की चोवीस तासांचं?" हा असतो. सकाळी सातला उतरणाऱ्या पार्टीला दुपारी बाराची खोली दिली तर पाच तास सामान सांभाळत बसावं लागतं. दुसरा प्रश्न: लिफ्ट चालू आहे का? आहे का, असं विचारायचं नाही. चालू आहे का?

आंघोळी होईपर्यंत मी फणसवाडीच्या नाक्यावर, 'विनय'मध्ये जागा धरून ठेवली. सोलापूरच्या माणसाला इथली मिसळ तिखट लागत नाही, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे अपेक्षाभंग नको. आजींनी थालीपीठ घेतलं. काकांनी एक घास खाऊन "बरी आहे की" म्हटलं आणि दुसरी मागवली.

खाताना यादीवर पहिल्या फुल्या मारल्या. ही वेळ मी मुद्दाम निवडते. भुकेल्या माणसाला फुली सहन होत नाही.

फिल्म सिटी गेली: ती गोरेगावला, जाण्यायेण्यात अर्धा दिवस. जुहू गेलं, त्याच्याबरोबर अमिताभचा बंगलाही. अँटिलिया गेलं, कारण रस्त्यावरून मान वर करून बघायची ती एक इमारत. तारापोरवाला मत्स्यालय आपोआप गेलं, कारण ते बंद आहे. हे ऐकून मुलांच्या बाबांनाच वाईट वाटलं. त्यांनी लहानपणी पुस्तकात वाचलं होतं. नेहरू तारांगणावर फुली मारताना कोणी बोललं नाही. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि आपल्याला जमणाऱ्या वेळी नेमकी भरती आहे, म्हणून तेही गेलं. आठवी फुली मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानावर.

"म्हातारीचा बूट?" धाकटा ओरडला. मोठीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

मी पेन बाजूला ठेवलं. "त्याचं संध्याकाळी बघू."

मुंबईचा नकाशा हातात घेतला की लोकांना अंतरं दिसतात. मला पट्टे दिसतात. शहर दक्षिणोत्तर लांब आणि आडवं अरुंद आहे. एका दिवसाला एकच पट्टा घ्यायचा. आज कुलाबा ते गिरगाव. उद्या दादर-प्रभादेवी. परवा भायखळा. गेटवे आणि जुहू एका दिवसात लिहिणाऱ्याने दिवस टॅक्सीत घालवायची तयारी ठेवावी.

सकाळी ९.००

गेटवेला निघताना मुलांचे बाबा रिक्षा शोधत होते. माहीम आणि शीवच्या अलीकडे रिक्षा येतच नाही, हे बाहेरच्या माणसाला कोणी सांगत नाही. इकडे काळी-पिवळी टॅक्सी, मीटरने, सुरुवात ३१ रुपयांपासून. एका टॅक्सीत चारच माणसं बसतात. सहा जण म्हणजे दोन टॅक्स्या, आणि दोन्हींत एकेक मोबाईल चार्ज केलेला माणूस. ही वाटणीही मीच करते.

गेटवेहून बोटीने घारापुरीच्या लेण्यांना जायचं होतं. मंगळवार का, तर सोमवारी लेणी बंद असतात. काल आले असते तर समुद्र बघून परत फिरावं लागलं असतं. आणि सकाळी का, तर पहिल्या बोटींना रांग छोटी असते, ऊन डोक्यावर नसतं आणि एक तासाचा समुद्र मुलांना मानवतो. बोटीत चढायच्या आधी सगळ्यांना, विशेषतः बायकांना, स्वच्छतागृहात जाऊन यायला लावते. मुंबईच्या कुठल्याही माहितीपुस्तकात हे पहिल्या पानावर असायला हवं आणि ते शेवटच्या पानावरही नसतं.

बोट सुटेपर्यंत गेटवे झालं. पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हती. तिचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला झालं. म्हणजे ज्याच्या स्वागतासाठी दार बांधलं तो आधीच येऊन गेला होता. काकांना हे फार आवडलं. त्यांनी लगेच कोणालातरी फोन लावून सांगितलं.

आजींसाठी सूचना वेगळी लिहून दिली होती: धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, ती घ्या. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. तिथे खुर्चीची डोली मिळते, भाव आधी ठरवा. पहिल्या लेण्यात शिरल्यावर उजवी-डावीकडे न बघता समोर त्रिमूर्तीपाशी जा आणि तिथे बसा. माणसाच्या तिपटीहून उंच ते तीन चेहरे बसूनच बघायचे असतात. बाकीचे फिरून येतील. तिकीट ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना माफ. हातात पाण्याची बाटली दिसली की माकडं ओढतात, ती पिशवीत ठेवा.

मी बोटीत चढत नाही. मला टेबलावर काम असतं.

सकाळी १०.४५

घरी. गॅलरीला लागून असलेलं टेबल, त्यावर फोन, वही, भरती-ओहोटीचा तक्ता आणि दोन जाड पुस्तकं. त्यातलं एक गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन', १८६३ सालचं. दुसरं आचार्य आणि शिंगणे यांचं 'मुंबईचा वृत्तांत', १८८९ चं. धंद्यासाठी त्यांचा उपयोग विचाराल तर यादीचा अहंकार उतरवायला.

माडगांवकरांनी लिहिलं तेव्हा आगगाडी सुरू होऊन दहा वर्षं झाली होती. पण आजच्या याद्यांतलं जवळजवळ काहीच उभं नव्हतं. सीएसटीचा पत्ता नव्हता. राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. म्युझियम लोकांसाठी उघडलं १९२२ मध्ये. गेटवेचं सांगितलंच. मरीन ड्राइव्हच्या जागी समुद्र होता. तरी त्यांना अख्खं पुस्तक भरेल एवढी मुंबई दिसली. टाऊन हॉल होता, मुंबादेवी होती, बाणगंगा होती, आणि बाकी होती ती माणसं, बाजार, वाड्या, रस्ते. 'हे नाही बघितलं तर मुंबई नाही बघितली' असं कोणी म्हणालं की मी त्याला १८६३ साल सांगते.

आता फोन. पहिला साताऱ्याहून: "तीन दिवस दादरला राहतोय, रोज सकाळी लोकलने चर्चगेटला जायचं आहे, किती वाजताची गाडी पकडू?" सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे येणारी लोकल पाहुण्यांनी पकडायचीच नाही. साडेसातच्या आधी निघा, नाहीतर अकरानंतर. संध्याकाळी उलट: साडेपाच ते नऊ उत्तरेकडे जाणारी नको. आणि जमलं तर राहायलाच दक्षिणेला या, म्हणजे सकाळी अख्खी मुंबई ज्या दिशेने येते तिच्या उलट तुम्ही जाल. रिकामी गाडी, खिडकी, वारा. पहिल्या मुंबईभेटीत लोकल बघायचीच असते, पण बघायची आणि चिरडून घ्यायची यात तीन तासांचा फरक आहे.

दुसरा फोन नाशिकचा, शाळेची सहल. त्यांना राणीच्या बागेत बुधवारी यायचं होतं. बुधवारी बाग बंद, बागेच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. वार बदलला. बाईंना म्हटलं, मुलांना पेंग्विन दाखवा, पण संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्तीही दाखवा. तो मूळचा घारापुरीचा. परदेशी लोकांनी बेटाला त्याच्यावरूनच नाव दिलं. आता बेट तिकडे समुद्रात आणि हत्ती इकडे भायखळ्यात.

मग उद्याचं. सोलापूरच्या यादीत सिद्धिविनायक पहिल्या नंबरावर होता आणि काकांना तो आज हवा होता, मंगळवार म्हणून. मंगळवारी तिथे रांग कुठून कुठपर्यंत जाते ते मला ठाऊक आहे. म्हणून बुधवारी पहाटे. गिरगावहून मेट्रो, सिद्धिविनायक स्टेशनला लिफ्ट, आजी न दमता दारात. नंतर चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क, दुपारी खोलीवर झोप, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. गुरुवारी राणीची बाग आणि तिथलं संग्रहालय, दुपारी क्रॉफर्ड मार्केट, रात्री परतीची सिद्धेश्वर. काकांनी यादीत नुसतं 'म्युझियम' लिहिलं होतं. कोणतं ते मी ठरवलं: जे बागेच्या आवारात आहे ते. एकाच फाटकातून दोन कामं.

दुपारी १.००

जेवण घरी. वाडीत या वेळी जरा शांतता असते. बालाजीच्या देवळाचं दक्षिणी घाटाचं गोपुर आमच्या गल्लीत उभं आहे, मराठी चाळी आणि मारवाडी पेढ्यांच्या मधोमध. इथल्या माणसाला त्यात काही वेगळं वाटत नाही. बाहेरचा माणूस आला की थबकतो. तरी ते कोणाच्या यादीत नसतं.

दुपारी २.३०

पुन्हा गेटवे. बोट आली. आजी सगळ्यांत ताज्यातवान्या होत्या, कारण डोलीने वर गेल्या आणि लेण्यात तास-दीड तास बसल्या. "त्या मधल्या तोंडाकडं बघत बसले," म्हणाल्या. "डोळे मिटलेत त्याचे. आपल्याला बघतच न्हाई." दमले होते ते काका. बाकीची लेणी, वरची तोफ, सगळं करून आले होते आणि आता त्यांना राजाबाई टॉवर, हुतात्मा चौक, म्युझियम असं ओळीने हवं होतं.

"ताई, एवढ्या लांबून आलोय, परत कधी येणं होतंय?"

हे वाक्य मला प्रत्येक पार्टी ऐकवते. त्याचं उत्तर मी तोंडाने देत नाही. दोन टॅक्स्या केल्या आणि वाटेत ओव्हल मैदानाच्या कडेला थांबवल्या. खाली उतरून मैदानात उभं राहायचं. पूर्वेला विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, टोकदार कमानींचा दगडी जमाना. पश्चिमेला गोलाईच्या बाल्कन्यांच्या इमारती, साठसत्तर वर्षांनंतरचा जमाना. मधल्या गवतावर पोरं क्रिकेट खेळतात. युनेस्कोने २०१८ मध्ये हे दोन्ही मिळून एकच वारसास्थळ धरलं. बघायला तिकीट नाही, रांग नाही, वीस मिनिटं पुरतात. आणि दगडी कठड्यावर आजींना बसता येतं.

काकांनी तिथूनच हात केला. "तो राजाबाई टॉवर ना? झाला म्हणा की." बरोबरची खूण करायला यादी काढली, तर तो यादीत नव्हताच.

दुपारी ४.३०

एक तास झोप काढून सगळे खाली आले. आता माझ्या घरचा पट्टा.

खोताच्या वाडीत शिरण्याआधी मी उभं राहून नियम सांगते. ही लोकांची घरं आहेत. व्हरांड्यात कोणी बसलं असेल तर फोटो काढायचा नाही, जिन्यावर बसायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आपल्या ओसरीवर कोणी येऊन सेल्फी काढला तर कसं वाटेल ते बघा. लाकडी कठड्यांची, उतरत्या कौलांची, पोर्तुगीज घाटाची ही घरं दरवर्षी कमी होताहेत. भोवती टॉवर उभे आहेत. मुलं नियम पाळतात. मोठ्यांना दोनदा सांगावं लागतं.

तिथून केशवजी नाईकांच्या चाळी. १८९३ मध्ये इथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, मुंबईतला पहिला. १९०१ मध्ये टिळक आले होते. सोलापूरच्या माणसाला गणपतीची मिरवणूक नवी नाही, पण चाळीचं चौकोनी आवार, तिन्ही मजल्यांवरच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, गॅलरीतून खाली सोडलेली दोरीची पिशवी आणि तिच्यात भाजीवाल्याने टाकलेली कोथिंबीर, हे सूनबाईंनी पाच मिनिटं बघितलं. मग वरच्या बाईंना विचारलं, "पाणी किती वेळ येतं हो?" दोघींचं जे सुरू झालं ते मला घड्याळ दाखवून थांबवावं लागलं.

यादीत नसलेल्या दोन जागा मी रोज घुसवते. या त्या.

संध्याकाळी ५.४५

गिरगाव चौपाटी. या वेळी पार्टीला लोकलच्या आसपास फिरकू देत नाही. चालत जाता येईल अशा जागी संध्याकाळ घालवायची. जानेवारीत साडेसहाच्या आत सूर्य बुडतो. टिळकांच्या पुतळ्यापाशी मुलांच्या बाबांनी मुलांना सांगितलं की टिळकांना अग्नी इथेच दिला. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात १ ऑगस्ट १९२० ला ते गेले आणि तिथून लोक त्यांना इथवर घेऊन आले. त्यांना माहीत होतं. मी नुसती मान हलवली. पार्टीला काही माहीत असलं की गाइडने गप्प बसावं.

भेळ झाली. मग धाकट्याने आठवण केली. "बूट."

बूट समोरच्या टेकडीवर. टॅक्सीने दहा मिनिटं. पण आजींना आता आणखी एक चढउतार नको, आणि सकाळपासून ठरवलेलं आहे की आजींना जमेल तेच.

आजीच म्हणाल्या, "मी हितं बसते. तुम्ही जावा की."

मग मी आणि आजी बाकावर. बाकीचे पाच जण टॅक्सीत. चारच्या टॅक्सीत पाच कसे बसले ते टॅक्सीवाल्याला आणि धाकट्याला ठाऊक. फुली खोडून बरोबरची खूण केली. माझा नियम एवढाच आहे: सगळ्यात हळू चालणारं माणूस कुठे बसणार ते आधी ठरवायचं, मग बाकीचे हवे तेवढे धावोत. जागा निवडताना मी उंची, वर्ष, शिल्पकार नंतर बघते. आधी बाक, सावली, पाणी, स्वच्छतागृह. ते असलं की जागा यादीत राहते.

आजींनी मला विचारलं, सोलापूरच्या गिरण्यांसारख्या इथल्याही बंद पडल्या ना? पडल्या. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळचे भोंगे एकेक करून थांबले. त्यांचे यजमान सोलापुरात गिरणीत होते. चादरींचा गठ्ठा लालबागच्या एका घरी द्यायचा होता. यजमानांचा जुना दोस्त, तिकडची गिरणी सुटल्यावर इकडे आलेला. काकांच्या एकोणीस जागांत ही नव्हती. मी वही काढली आणि गुरुवारच्या पानावर क्रॉफर्ड मार्केटच्या जागी 'लालबाग, चादरी' लिहिलं. भायखळ्याहून जवळच पडतं.

रात्री ८.१५

घरी येईतो लातूरहून फोन. आवाजावरूनच कळलं की हा फोन फिरण्यासाठी नाही. वडिलांना परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचं आहे, कोणीतरी नंबर दिला.

गावाकडच्या कितीतरी माणसांची पहिली मुंबई ही असते. गेटवे नाही, चौपाटी नाही. परळ. टाटा १९४१ पासून, केईएम १९२६ पासून, आणि त्या दोन इमारतींच्या भोवतीच्या फुटपाथवर फाईल छातीशी धरून उभी असलेली माणसं. यांचाही कार्यक्रम आखावा लागतो, उलट यांचाच नीट आखावा लागतो. याचे पैसे घेत नाही.

सांगितलं ते असं. दादरला उतरा आणि पूर्वेच्या बाजूने बाहेर पडा. प्रभादेवीचा जुना पूल पाडायला घेतल्यापासून पश्चिमेहून टॅक्सी फार वळसा घेते. सकाळी लवकर पोहोचा. आधारकार्ड, सगळे जुने कागद, आणि बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नको, तिथल्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉकही मागून आणा, नाहीतर त्यासाठी परत लातूर. एका माणसाने रांगेत, एकाने वडिलांजवळ, म्हणजे किमान दोघं या. परतीचं तिकीट काढू नका. पहिल्या दिवशी काय सांगतील ते कोणालाच ठाऊक नसतं. हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभाग आहे, तिथे राहायच्या जागेची चौकशी करा, बाहेर कोणी 'मी करून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका.

मग विचारलं, "वडील किती चालतात?"

"घरातल्या घरात."

"मग व्हीलचेअर दारातच मागा. मिळते. संकोच करू नका."

त्यांनी लिहून घेतलं. शेवटी विचारलं, मुंबईत दुसरं काही बघण्यासारखं जवळपास? मी म्हटलं, नंबर लागायला वेळ असला तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसा. एक तास. तुम्ही, वडील नव्हे.

रात्री ९.४५

सोलापूरच्या पार्टीला उद्याचा निरोप:

"पहाटे ६.०० खाली. आधारकार्ड, पाणी, आजींची गोळी. गिरगाव मेट्रोला चालत सहा मिनिटं, आजींना टॅक्सी सांगितली आहे. दर्शन झाल्यावर दादरला नाश्ता, साबुदाणा वडा आणि पियुष. १२.३० ला खोलीवर. काकांनी नवी जागा सुचवल्यास नाश्त्याच्या वेळी सुचवावी."

खाली काकांचा अंगठा आला. त्यामागोमाग: "वानखेडे स्टेडियम बाहेरून??" मरीन ड्राइव्हला जाताना रस्त्यात आहे. ठीक आहे, म्हटलं.

वही मिटणार एवढ्यात जळगावहून नवा नंबर. "नमस्कार ताई, आम्ही चौघं, फेब्रुवारीत दोन दिवस येतोय, पहिल्यांदाच. यादी जोडली आहे." यादीत तेवीस जागा, त्यात बाणगंगा, मणिभवन, एशियाटिकच्या पायऱ्या. अभ्यास केलेला दिसत होता. वारही लिहिले होते, बंदचे दिवस लाल शाईत. असं काम करून आलेली यादी वर्षातून एखादी.

मी नेहमीचा प्रश्न टाकला: "चौघांत सगळ्यात हळू कोण चालतं?"

उत्तर लगेच आलं. "मीच. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पण घरात सांगू नका, मला ठेवून जातील."

एशियाटिकच्या तीस पायऱ्यांवर पहिली फुली मारली आणि बाणगंगेला किती उतरावं लागतं ते लिहायला घेतलं.